कृषिपदवीचे आठ आठवडे

कृषिमहाविद्यालयांत शिकणारा विद्यार्थी पदवीच्या शेवटल्या वर्षीं खेड्यांत येऊन राहतो, शेतकऱ्याच्या बांधावर उभा राहतो, आणि तेथें पाहिलेलें व केलेलें वहींत नोंदवून परत जातो, ही गोष्ट आमच्या वाचकांस आतां नवीन राहिलेली नाहीं. मुलगा असेल तर कृषिदूत आणि मुलगी असेल तर कृषिकन्या, हीं नांवेंहि लोकांच्या तोंडीं बसलीं आहेत. ग्रामीण कृषी कार्यानुभव असें या उपक्रमाचें भारदस्त नांव आहे. उपक्रम मुळांत फार चांगला आहे, आणि चांगला आहे म्हणूनच त्याचा निव्वळ उपचार होऊं नये अशी आमची कळकळ आहे. दिघाशीसारख्या भातशेतीच्या गांवांतून पाहिलें असतां त्यांत जी उणीव दिसते ती स्पष्टपणें मांडावी, आणि ती भरून काढण्याचा फारसा खर्चाचा नसलेला उपाय सुचवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हातानें काम करून विद्या मिळवावी हा विचार आपल्याकडे परका नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन केलें, त्यांत प्राथमिक शाळेंत शेतीचें प्राथमिक ज्ञान द्यावें आणि त्यास जोडून एक लहानसें नमुन्याचें शेत असावें असें सुचविलेलें आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढें ‘कमवा आणि शिका’ या रीतीनें कष्ट व विद्या यांची सांगड घालून दाखविली. १९४७ सालीं साताऱ्यास निघालेल्या छत्रपति शिवाजी महाविद्यालयांत ही रीत उच्च शिक्षणापर्यंत पोंचली. स्वराज्यानंतर महाराष्ट्रांत चार कृषिविद्यापीठें झालीं : राहुरीचें १९६८ सालीं, अकोल्याचें १९६९ सालीं, आणि परभणी व दापोली येथील दोन १९७२ सालीं. आपला ठाणें जिल्हा दापोलीच्या कोंकण कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रांत येतो.

विद्यापीठें झालीं, पण पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांस शेताची ओळख कितपत आहे, हा प्रश्न उरलाच. त्यावर उपाय म्हणून भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या रंधावा समितीनें १९९२ सालीं खेड्यांतील कार्यानुभवाची शिफारस केली. २५ जुलै २०१५ रोजीं पाटणा येथें ‘स्टुडंट रेडी’ या योजनेची घोषणा झाली आणि हा कार्यानुभव त्या योजनेचा एक भाग झाला. परिषदेच्या पांचव्या अधिष्ठाता समितीनें त्याची जी आंखणी केली ती येणेंप्रमाणें आहे. एकंदर २० आठवडे. त्यांपैकीं पहिला पूर्वतयारीचा, ८ खेड्यांतील वास्तव्याचे, ५ विद्यापीठाच्या विभागांत, संशोधन केंद्रांत किंवा कृषी विज्ञान केंद्रांत काम करण्याचे, २ पिकांच्या रोगचिकित्सेचे, ३ शेतीवर चालणाऱ्या उद्योगांत राहण्याचे, आणि शेवटचा अहवालाचा.

ही वांटणी कागदावर नेटकी आहे. परंतु ८ आठवडे म्हणजे ५६ दिवस. आणि निमगरवें भात राबांत पेरल्यापासून कापणीस येईपर्यंत सुमारें १२० ते १३५ दिवस घेतें. म्हणजे हे आठ आठवडे सलग काढले तर विद्यार्थ्यास पिकाचें अर्धेंहि आयुष्य दिसत नाहीं. आषाढांत आलेला विद्यार्थी लावणी पाहतो, आणि भात पोटरीस येण्याच्या सुमारास गांव सोडतो. फुलोऱ्यांत पाऊस झोडपतो तेव्हां शेतकऱ्याच्या पोटांत कसा गोळा उठतो तें त्याला दिसत नाहीं. कापलेलें भात खाचरांत पडलें असतां परतीचा पाऊस आला म्हणजे काय होतें, पेंढा कसा काळा पडतो, हेंहि त्याच्या वहींत येत नाहीं. खरेदी केंद्रावर भाताचा ओलावा १७ टक्क्यांच्या वर भरला म्हणजे गाडी परत फिरवावी लागते, हा तर शेतीशास्त्राचा शेवटचा आणि सर्वांत कडू धडा. तो त्याच्या वांट्यास येतच नाहीं.

उदाहरणादाखल भाताच्या चारसूत्री पद्धतीचा विचार करावा. डॉ. नारायण सावंत यांनीं सांगितलेली ही पद्धत आपल्या कोंकणांत सुप्रसिद्ध आहे. भाताच्या तुसाची काळी राख राबांत घालणें व पेंढा जमिनींत परत देणें हें पहिलें सूत्र. गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलांत गाडणें हें दुसरें. दोरीच्या मापानें १५ व २५ सेंटिमीटर असें आळीपाळीनें अंतर ठेवून, एका चुडांत दोन-तीनच रोपें लावणें हें तिसरें. आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी लावणीच्याच दिवशीं खोल खोंचणें हें चौथें. परीक्षेंत हीं चारहि सूत्रें विद्यार्थी धडाधड लिहितो. मग शेतकरी पहिलीं दोन उचलतो आणि पुढच्या दोहोंपाशीं कां अडतो, या प्रश्नाचें उत्तर मात्र पुस्तकांत सांपडणार नाहीं. पाऊस लागला म्हणजे साऱ्या गांवाची आवणी एकाच आठवड्यांत येते. मजूर मिळत नाहींत. लावणी उक्ती दिलेली असते. आणि दोरी धरून लावणें म्हटलें कीं काम मंदावतें, त्यामुळें उक्तें काम घेणाऱ्या बाया नाराज होतात. हें ज्यानें चिखलांत उभें राहून पाहिलें, तो विद्यार्थी दोरीचें काम कमी माणसांत कसें उरकेल याचा विचार करूं लागेल. ज्यानें पाहिलें नाहीं, तो अहवालांत ‘शेतकरी उदासीन आहेत’ असें एक वाक्य लिहून मोकळा होईल.

वेळेचें महत्त्व दाखविणारी दुसरी गोष्ट बीजप्रक्रियेची. दहा लिटर पाण्यांत ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत बियाणें टाकलें म्हणजे पोंचट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकावयाचे; तळाचें वजनदार बियाणें स्वच्छ पाण्यानें धुवून सावलींत सुकवून पेरावयाचें. एक बादली आणि मूठभर मीठ एवढ्यावर भागणारें हें प्रात्यक्षिक आहे, आणि असें प्रात्यक्षिक शेतकरी डोळ्यांदेखत शिकतो. परंतु तेंच राबांतील रोपें वीतभर झाल्यावर दाखविलें, तर त्याचा उपयोग छायाचित्रापुरताच. फलक लावून, चार माणसें गोळा करून आणि छायाचित्र घेऊन संपणाऱ्या प्रात्यक्षिकांविषयीं गांवोगांवीं जी थट्टा चालते, तिचें मूळ विद्यार्थ्याच्या आळसांत नाहीं. पिकाचें वेळापत्रक आणि सत्राचें वेळापत्रक यांचा मेळ बसत नाहीं, यांत तें आहे.

शिवाय ज्ञान नेहमीं विद्यापीठाकडून बांधाकडेच वाहतें असें समजणें चूक आहे. राब भाजूं नये, गादीवाफे करावे, असें शास्त्र सांगतें आणि तें योग्यहि आहे. पण आमच्या वाडवडिलांनीं राब भाजला तो अडाणीपणानें नव्हे; भाजलेल्या जमिनींत तणाचें बीं मरतें, माती भुसभुशीत होते आणि राख मिळते, हें त्यांस ठाऊक होतें. या तीन गोष्टी न भाजतां कशा साधाव्या, एवढाच खरा प्रश्न आहे, आणि तो प्रश्न समजण्यासाठीं म्हाताऱ्या शेतकऱ्याजवळ बसावें लागतें. चंद्रपूर जिल्ह्यांतील नांदेड गांवचे दादाजी खोब्रागडे यांचें शालेय शिक्षण तिसऱ्या इयत्तेपलीकडे गेलें नव्हतें. त्यांनीं १९८३ सालीं आपल्या शेतांत निराळ्या दिसलेल्या लोंब्या वेगळ्या ठेविल्या, वर्षानुवर्षें निवड करीत राहिले, आणि त्यांतून एचएमटी हें बारीक भात निघालें. २०१८ सालीं ते वारले. त्यांचें भात अजून पिकतें आहे. निरखणें, वेगळें करणें, पुन्हा पेरणें आणि पडताळणें, हीच संशोधनाची रीत. ती पुस्तकांत वाचलेल्या विद्यार्थ्यानें शेतांतहि एकवार पाहावी. आणि आवणी करणाऱ्या, बियाणें राखून ठेवणाऱ्या ज्या आमच्या घरच्या बाया, त्यांस विचारल्यावांचून कोणाचाहि अहवाल पुरा समजला जाऊं नये.

आतां उपाय. आमची पहिली सूचना अशी कीं, खेड्यांतील आठ आठवडे तेवढेच राहूं द्यावे, पण ते सलग न ठेवतां पिकाच्या पेरांप्रमाणें तोडावे. लावणीचे ३ आठवडे, बेणणी व खताचे २, पोटरी-फुलोऱ्याचा १, कापणी-झोडणीचा १, आणि विक्री व हिशेबाचा १. एकूण आठच. मधल्या काळांत संशोधन केंद्र, रोगचिकित्सा व उद्योग हे भाग उरकावे. यांत एक मोठा लाभ आहे. बांधावर पडलेला प्रश्न विद्यार्थी मधल्या आठवड्यांत कर्जतच्या भात संशोधन केंद्रांतील तज्ज्ञांपुढें नेऊं शकेल, आणि उत्तर घेऊन पुन्हा त्याच बांधावर, त्याच शेतकऱ्यापुढें येईल. उत्तर चुकीचें असेल तर शेतकरी तसें सांगेल. सलग वास्तव्यांत हें परत येणें होतच नाहीं.

कोणी म्हणतील कीं, यानें जाण्यायेण्याचा त्रास व खर्च वाढेल, आणि विद्यार्थिनींच्या राहण्याची सोय वारंवार करावी लागेल. अडचण खरी आहे. परंतु महाविद्यालयानें जवळचीं गांवें निवडलीं आणि तींच गांवें दरवर्षीं ठेविलीं, तर बिऱ्हाडाची व्यवस्था एकदां लावली कीं ती कायम राहते. दुसरे कोणी म्हणतील कीं, शेवटल्या वर्षीं पुष्कळ विद्यार्थ्यांचें चित्त स्पर्धापरीक्षेकडे असतें. तेंहि खरें, आणि आम्ही त्यांस दोष देत नाहीं. पण उद्यां जो कृषी अधिकारी किंवा बँकेचा कर्ज अधिकारी व्हावयाचा, त्यानें एका खाचराचा संपूर्ण हिशेब एकदां तरी आपल्या हातानें लिहिलेला असावा, यांत त्याचेंहि हित आहे.

आमची दुसरी सूचना या हिशेबाचीच. प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या यजमान शेतकऱ्याच्या एका ठराविक तुकड्याचा जमाखर्च लावणीपासून विक्रीपर्यंत ठेवावा. घरच्या माणसांची मजुरी, बैलांचें किंवा ट्रॅक्टरचें भाडें, पेंढ्याची किंमत, सर्व त्यांत यावें. आणि अहवालाचा तो मुख्य भाग असावा. तिसरी सूचना अशी कीं, यजमान शेतकऱ्याचें मत विद्यार्थ्याच्या गुणांत धरलें जावें. मुलगा पहाटे शेतावर आला कीं नाहीं, त्यानें विचारलें काय आणि केलें काय, हें प्राध्यापकांपेक्षां यजमानास अधिक ठाऊक असतें. जो शिकवितो त्यानें पारखावें, हा विद्येच्या क्षेत्रांतील जुना नियम आहे. शेतकरी येथें शिकवितो, हें एकदां मान्य केलें म्हणजे पुढचें ओघानेंच येतें.

मात्र याबरोबर आम्हां शेतकऱ्यांवरहि जबाबदारी येते. विद्यार्थी आला म्हणजे त्याला पाहुणा समजून ओटीवर बसविणें आणि चहा देऊन बोळवण करणें हा त्याचा आदर नव्हे. त्याच्या हातांत रोपांची जुडी द्यावी. खर्चाचा खरा आंकडा सांगावा. कर्ज लपवूं नये, उत्पन्न फुगवूं नये. त्यानें सुचविलेली गोष्ट पटली नाहीं तरी दोन गुंठ्यांत करून पाहावी, आणि फळ काय आलें तें पुढल्या वर्षीं येणाऱ्या विद्यार्थ्यास सांगावें. आपल्या संघानें भिवंडी तालुक्यांतील असे यजमान होण्यास तयार असलेल्या सभासदांची यादी करून महाविद्यालयांकडे पाठवावी, आणि दिघाशीनें त्यांत मागें राहूं नये.

हें सर्व आम्ही एवढ्या आग्रहानें कां लिहितों? आमच्या तालुक्यांत भाताचीं खाचरें भरून त्यांवर गोदामें उभीं राहतांना आपण पाहतों. ज्याची जमीन आहे त्यानें ती कां विकली, याचा न्याय करावयास आम्ही बसलों नाहीं. पण जी खाचरें उरलीं आहेत तीं पुढची पिढी कसणार कीं नाहीं, हें ठरविणारीं मुलें आज महाविद्यालयांत आहेत, आणि त्यांत आपलींहि मुलें आहेत. त्यांनीं अर्धें पीक पाहून शेतीविषयीं मत बनवावें, आणि त्या अर्धवट मतावर पुढें योजना, कर्जें व शिफारशी उभ्या राहाव्या, हें कोणाच्याच हिताचें नाहीं. सबंध पीक पाहिल्यावर एखाद्यानें शेती नको म्हटलें, तरी तें त्याचें जाणतें मत असेल. आणि एखाद्यानें हवी म्हटलें, तर तो टिकेल. विद्यापीठांनीं व अधिष्ठाता मंडळींनीं या सूचनांचा विचार करावा, आणि निदान एका तालुक्यांत एक हंगामभर हा प्रयोग करून पाहावा, अशी आमची त्यांस विनंती आहे.