दशमस्थान आणि वैद्याची योग्यता

बारावीचा व नीटचा निकाल लागला की आमच्या चकलांबा परिसरातील दवाखान्यांच्या बाकांवर एक निराळाच रुग्ण येऊन बसतो. त्याला ज्वर नसतो, अग्निमांद्यही नसते. त्याच्या हाती दोन कागद असतात: मुलाचे गुणपत्रक आणि जन्मपत्रिका. "डॉक्टरसाहेब, पोराला तुमच्यासारखं करावं म्हणतो, पण दशमात शनी हाय म्हणत्यात. तुम्ही काय म्हणता?" हा प्रश्न आपणां सर्वांस परिचित आहे. त्यास आपण काय उत्तर देतो, हाच आजच्या लेखाचा विषय आहे.

आम्ही येथे कोणाच्या श्रद्धेची टिंगल करू इच्छित नाही. आपल्यापैकी अनेकांनी औषधालयाचे उद्घाटन मुहूर्त पाहूनच केले आहे. तथापि, दुकान कोणत्या दिवशी उघडावे आणि मुलाने आयुष्यभर काय करावे, हे दोन प्रश्न एकाच तराजूत घालता येत नाहीत. आमच्याच परिसरातील एका मुलीस आयुर्वेद महाविद्यालयात प्रवेश मिळण्याजोगे गुण होते. पत्रिकेत वैद्यकाचा योग नाही, असे सांगण्यात आले. वडिलांचे मन मागे-पुढे होत राहिले आणि तेवढ्यात प्रवेशाची फेरी निघून गेली. त्या वडिलांनी आम्हांसही विचारले होते. आम्ही "तुमच्या मनाला पटेल तसे करा" एवढेच बोलून मोकळे झालो. ते मौन आज आम्हांस बोचते.

आपल्या संहिता या बाबतीत काय सांगतात? चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वैद्य होऊ इच्छिणाऱ्याने काय करावे, हे क्रमाने सांगितले आहे. त्याने प्रथम आपल्या कार्याचे गुरुलाघव, कर्माचे फल, त्याचा अनुबंध आणि देश-काल यांचा विचार करावा. मग शास्त्राची परीक्षा करावी, त्यानंतर आचार्याची. आचार्यानेही शिष्याची परीक्षा करावी. ती परीक्षा बुद्धी, स्मृती, शील, धैर्य, श्रम करण्याची तयारी यांची आहे. त्याच अध्यायात नक्षत्रेही येतात, हे आम्ही लपवीत नाही. उत्तरायण, शुक्लपक्ष, पुष्य, हस्त, श्रवण वा अश्विनी नक्षत्र असा काळ तेथे सांगितला आहे. परंतु तो अध्ययनारंभाच्या विधीसाठी. शिष्य योग्य ठरल्यावर दिवस निवडावयाचा आहे. आज हा क्रमच उलटा झाला आहे.

सुश्रुताचार्य याहून पुढे जातात. 'योग्यासूत्रीय' अध्यायात ते शिष्यास कोहळा, भोपळा, काकडी यांवर छेदनाचा अभ्यास करावयास लावतात. सर्व शास्त्रे पढलेला शिष्यही हाताने कर्म केल्यावाचून योग्य ठरत नाही. हात चालतो की नाही, हे हात चालवूनच कळते.

दैव मोठे की पुरुषकार, हा वादही आपल्या शास्त्रास नवा नाही. आयुष्य ठरलेले असते काय, असे अग्निवेशाने विचारले, तेव्हा आत्रेयांनी दैव व पुरुषकार या दोहोंच्या बलाबलावर ते अवलंबून असते असे सांगितले. सर्वच पूर्वनियत असते, तर औषधाचे प्रयोजनच उरले नसते. रोग्याच्या बाबतीत आपण रोज पुरुषकाराच्या बाजूने उभे राहतो. मग विद्यार्थ्याच्या बाबतीत गप्प का बसावे?

आता प्रत्यक्ष प्रमाणाकडे वळू. २००८ साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी एक चाचणी घेतली. हुशार मुलांच्या १०० व मतिमंद मुलांच्या १०० अशा २०० पत्रिका जमविण्यात आल्या. सहभागी ज्योतिष्यांस प्रत्येकी ४० पत्रिका देऊन कोणती कोणाची एवढेच ओळखावयास सांगितले. २७ जणांनी उत्तरे पाठविली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास होते. नाणे उडवून ठरविले असते, तरी साधारण निम्मी उत्तरे बरोबर आली असती. जी विद्या बुद्धीतील एवढा ढळढळीत भेद पत्रिकेवरून दाखवू शकली नाही, ती एकास आयुर्वेद, दुसऱ्यास डी. फार्म. आणि तिसऱ्यास शेती कशी नेमून देणार?

यावर कोणी म्हणेल की, २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिषाचे अभ्यासक्रम आणले आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते रोखले नाहीत. हे खरे आहे. परंतु अभ्यासक्रम चालू ठेवावयाचा की नाही हा एक प्रश्न, आणि भाकीत खरे ठरते की नाही हा दुसरा.

आपल्या जिल्ह्याचा देश-कालही ध्यानी घ्यावा. बीडमधील कितीतरी मुले ऊसतोडीच्या हंगामात, कारखान्याच्या पट्ट्यातील कोपीत जन्मली आहेत. जन्मवेळ विचारली, तर आई "गाडी भरायच्या वक्ताला" असे सांगते. लग्नराशी साधारण दोन तासांनी पालटते. अशा वेळेवर मांडलेली पत्रिका ज्योतिषशास्त्राच्या स्वतःच्या नियमांनीही कितपत टिकेल? आणि अशा घरात बुडालेले वर्ष म्हणजे पुन्हा मुकादमाची उचल आणि हाती कोयता. शहरातील सधन घर एक चूक पचवू शकते, हे घर नाही.

तरीही लोक ज्योतिष्याकडे जातात. कारण तो अर्धा तास बसवून ऐकून घेतो. आपण तेवढेही ऐकत नाही. म्हणून आमची सूचना साधी आहे. अशा मुलास पंधरा दिवस आपल्या दवाखान्यात बसवावे. औषधालय चालकांनी त्यास काउंटरमागे उभे करावे, चूर्णांच्या पुड्या बांधू द्याव्यात, साठ्याची वही लिहू द्यावी. रुग्णाच्या जखमेकडे पाहून तो मागे सरतो की पुढे येतो, तेच तेच काम करताना कंटाळतो की रमतो, हे पाहावे. साडेचार वर्षांचे अध्ययन, वर्षाची आंतरवासिता, खर्च आणि सुरुवातीच्या काळातील तुटपुंजी मिळकत हे सारे पालकांस स्पष्ट सांगावे. दोन वर्षांची औषधनिर्माण पदविका, परिचर्या, आय.टी.आय. हे मार्गही समोर ठेवावेत. आपल्या व्यवसायात येऊ नये असे वाटल्यास तेही निर्भीडपणे सांगावे.

चरकांनी वैद्याचे चार गुण सांगितले आहेत: शास्त्राचे निर्मळ ज्ञान, पुष्कळ वेळा पाहिलेले कर्म, दक्षता आणि शुचिता. यांपैकी एकही गुण जन्मवेळेवर अवलंबून नाही; चारही कमवावे लागतात. पुढील जून महिन्यात कोणी दोन कागद घेऊन बाकावर बसला, तर आपण गुणपत्रक हाती घ्यावे, पत्रिका आदराने परत करावी, आणि मुलाला विचारावे, "उद्या सकाळी किती वाजता येतोस?"