नोंदवही त्यांची, हेलपाटे आपले



अर्जाची मुदत दोन दिवसांवर आलेली. ‘पासवर्ड विसरलात?’ हे बटण दाबले, नवा पासवर्ड भरला, तर पडद्यावर उमटले ‘डेटाबेस एरर’. केंद्रावरचा पोरगा म्हणाला, “काका, तुमचंच काहीतरी चुकलं.” ऐन वेचणीत दोन हेलपाटे झाले.

शेवटी गावातल्या, संगणकाचे काम करणाऱ्या एका पोराला गाठले. तो म्हणाला, नेमके काय ते त्यांचे लॉग बघितल्यावरच कळेल. पण डेटाबेस म्हणजे त्यांची नोंदवही. बिघाड तिथे आहे, तुमच्या बोटात नाही.

त्याने सांगितलेले एक नेहमीचे दुखणे असे. पासवर्ड आहे तसा लिहून ठेवत नाहीत, दळून ठेवतात. ज्वारीच्या पिठातून पुन्हा दाणा निघत नाही, म्हणून जुना पासवर्ड कोणी सांगू शकत नाही. (जो सांगतो, त्याच्यापासून जपून राहा.) पूर्वी ‘एमडी-५’ ही रीत होती, तिचे पीठ ३२ अक्षरांचे. ती कच्ची ठरली, ‘बीक्रिप्ट’ आली, तिचे ६० अक्षरांचे. पीएचपी भाषेत ही सोय २०१३ साली आयती मिळाली. काही ठिकाणी रीत बदलली, नोंदवहीतला रकाना मात्र ३२ चाच राहिला. ६० किलोचा माल ३२ किलोच्या पोत्यात कसा मावायचा? मायएसक्यूएल ही नोंदवही २०१५ च्या ५.७ आवृत्तीपासून असा माल मुळातच नाकारते. त्याआधीची बहुधा २८ अक्षरे गुपचूप सांडायची, ‘पासवर्ड बदलला’ असे कळवायची आणि दारातच अडवायची! त्यापेक्षा एरर परवडली.

इलाज एका ओळीचा. रकाना २५५ अक्षरांचा करायचा. पीएचपीवाले स्वतःच तसे सुचवतात. सांडलेले मात्र परत येत नाही, पासवर्ड पुन्हा घ्यावा लागतो.

एका ओळीच्या कामासाठी आपला हंगाम का जावा? बटण दाबत बसू नका. पडद्याचा फोटो काढा, तारीख आणि वेळ लिहा. वेळ ठाऊक असली तर लॉगमधली ती ओळ चटकन सापडते. लेखी तक्रार द्या, पोच घ्या. आणि मागणी ही करा, की नोंदवही बंद असेल तो दिवस मुदतीत धरायचा नाही, तोवर अर्ज कागदावर घ्यायचा.

मी तक्रार दिली आहे. साहेब पोच द्यायला तयार नव्हते. अर्धा तास बसलो, मग मिळाली.