गृहशिक्षणातील विज्ञान : प्रश्न केवळ पुस्तकाचा नव्हे

मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवण्याचा मार्ग देशातील काही पालकांनी पत्करला आहे. भाषा आणि गणित शिकवताना बहुतेकांना आपल्या शालेय शिदोरीवर भागवता येते. विज्ञानाशी गाठ पडली की मात्र कोणता अभ्यासक्रम घ्यावा आणि त्याला कशाची जोड द्यावी, हा प्रश्न उभा राहतो.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य असल्याचे त्याचे दहावे कलम सांगते. तथापि, तसे न करणाऱ्या पालकांसाठी कायद्यात दंडाची तरतूद नाही. गृहशिक्षणाचा तर त्यात नामोल्लेखही नाही. अशा मुलांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची माध्यमिक परीक्षा खुली असली, तरी तिला चौदा वर्षे वयाची अट आहे. त्यामुळे प्राथमिक वयातील विज्ञानाची कच्ची बाजू उघड होईपर्यंत बराच काळ लोटलेला असू शकतो.

पुस्तकांची वानवा नाही. बालभारतीचे ‘परिसर अभ्यास’ घ्यावे किंवा एनसीईआरटीची पुस्तके. पाचवीपर्यंत विज्ञान तेथे परिसराच्या अभ्यासात मिसळलेले आढळते. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्राथमिक इयत्तांसाठी तयार केलेल्या मालिकेत पाठ्यपुस्तक आणि कार्यपुस्तकाबरोबर शिक्षकांसाठी स्वतंत्र पुस्तक आहे. विज्ञानाचे प्रशिक्षण नसलेल्या पालकाला खरा आधार या तिसऱ्या पुस्तकाचाच. प्रयोगांसाठी महागड्या संचांचीही गरज नाही, हे अरविंद गुप्ता यांच्या टाकाऊ वस्तूंपासून बनवलेल्या खेळण्यांनी केव्हाच दाखवून दिले आहे.

उणीव राहते ती पडताळणीची. भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो, असे घरोघरी सहज सांगितले जाते. अंगणात वा गच्चीवर उभी काठी रोवून तिची सावली दर अर्ध्या तासाने मोजली, तर हे विधान बहुतेक दिवशी खोटे ठरते. मुंबई-पुण्यात सूर्य खरोखर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदा, मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस. त्यातही जुलैमध्ये ढगांचा अडथळा. इंदूरमध्ये हे दिवस जून-जुलैच्या सुरुवातीला येतात. ग्वाल्हेर आणि दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्याने तेथे असा दिवस उजाडतच नाही. वर्गात तीस मुलांची तीस मापे जुळत नाहीत, वाद होतो आणि चूक काठीत की मोजणीत हे शोधावे लागते. घरी एकच माप, तेही आईने मान्य केलेले! दूरच्या शहरांतील दोन मराठी कुटुंबांनी एकाच दिवशीची मापे दूरध्वनीवर ताडून पाहिली, तर ही उणीव काही अंशी भरून निघते.

महाराष्ट्राबाहेरील घरांत परिभाषेचा पेचही असतो. मराठी पुस्तकातील ‘बाष्पीभवन’ हिंदीत ‘वाष्पीकरण’ होते आणि इंग्रजीत त्याला तिसराच शब्द. परीक्षेचे माध्यम आधी ठरवून मुलाच्या वहीत दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहवून घेणे सोयीचे. मात्र ओला कपडा पंख्याखाली लवकर का वाळतो, हे त्याने आधी घरच्या भाषेत सांगितलेले बरे.