इमारत लंडनात, कंपनी बेटावर

इंग्लंडातील मजूर पक्षाचे पुढारी टोनी ब्लेअर हे १९९७ ते २००७ अशी दहा वर्षे तेथील मुख्य प्रधान होते. त्यांनी व त्यांच्या पत्नीने २०१७ साली लंडनात ६४ लाख ५० हजार पौंडांची इमारत मिळविली आणि सुमारे ३ लाख १२ हजार पौंडांची स्टँपड्यूटी वाचविली. २०२१ च्या पँडोरा कागदपत्रांनी हे जगजाहीर केले. युक्ती मोठी नामी! इमारत ब्रिटिश व्हर्जिन बेटांतील एका कंपनीच्या नावे होती. दांपत्याने इमारत घेतलीच नाही. ती कंपनीच घेतली. कंपनी परदेशची, म्हणून ड्यूटी नाही. इमारत मात्र लंडनातच!

यात बेकायदा काही नाही, हे आम्हांस मान्य आहे. विकणाराचाच तसा आग्रह होता व पुढे विकताना कर भरू, असे बाईसाहेब म्हणतात. ठीक. पण एखादा शाळामास्तर स्वतःच्या नावे दुकानाचा गाळा घेईल, तर त्याला अशी कंपनी कोण देणार? पोथी ज्यांच्या हाती, सूटही त्यांच्याच पदरी, हा अनुभव बहुजनांस नवा नाही.

ती बेटे ब्रिटिश मुकुटाखालचीच आहेत. मजुरांच्या मतांवर दहा वर्षे कारभार केला, तेव्हा ही फट का बुजली नाही, एवढेच आम्ही विचारतो. २०२२ साली परदेशी कंपन्यांच्या खऱ्या मालकांची नोंद करण्याचा कायदा तेथे झाला, हे बरे झाले. पण त्या नोंदीने मालकाचे नाव कळते. ड्यूटी वसूल होत नाही.