सातबाऱ्याशेजारी जुना नकाशा ठेवा



आम्ही मध्यंतरी भुईगावला गेलो होतो. वसईच्या किनाऱ्याचा हा बागायती मुलूख. तिथे ना आपला कापूस, ना ज्वारी. पण एका घरी भारतीय सर्वेक्षण खात्याचा जुना नकाशा पाहिला, एका मैलाला एक इंच मापाचा, आणि आपल्या कोरडवाहू गावांची आठवण झाली.

नकाशावर भुईगावाभोवती सपाटी. पूर्वेला तुंगारेश्वराच्या डोंगरावर तपकिरी रेषा एकमेकींना खेटलेल्या. रेषा दाट तिथे चढ उभा, एवढे कळले की शेतकऱ्याला नकाशा वाचता येतो. पायथ्याचे ओढे, वाटा, वस्त्या सारे कागदावर आहे. आज वसईच्या त्याच पूर्व भागात खडीसाठी डोंगर फोडले गेले आहेत. आधी तिथे काय होते, हे आता कागदच सांगणार.

१७६७ साली हे खाते उभे राहिले ते कंपनी सरकारच्या फौजेसाठी आणि महसुलासाठी. शेतकऱ्याच्या कल्याणासाठी नव्हे. म्हणून काय तो कागद आपण सोडून द्यायचा?

वणी-चंद्रपूरकडे दगडाच्या जागी कोळसा आहे. १९५७ च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्याखाली कलम ७ ची अधिसूचना निघाली की हरकतीला ३० दिवस मिळतात. तेवढ्यात धावाधाव करून कागद जमत नाहीत. 'इथे नाला होता, इथे विहीर होती' हे तोंडी सांगितलेले कोण ऐकतो? सरकारी अधिकाराने काढलेला नकाशा बरोबर आहे असे न्यायालय गृहीत धरते. दाव्यासाठी मुद्दाम काढलेला नकाशा मात्र बरोबर असल्याचे सिद्ध करावे लागते. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होते, २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे.

नकाशाने खाण थांबते, असे आम्ही म्हणत नाही. त्यावर गट नंबरही नसतात. मालकी सातबारा सांगतो, शेताची हद्द गावनकाशा सांगतो, आणि पाणी कुठून कुठे वाहत होते ते हा नकाशा सांगतो. तिन्ही कागद एकत्र असले तरच हरकतीला वजन येते.

तेव्हा अधिसूचनेची वाट पाहू नका. आपल्या भागाचा जुना नकाशा मिळवा. गावातल्या म्हाताऱ्यांना बसवून त्यावरचा एकेक ओढा, एकेक विहीर ओळखून घ्या. पुढच्या जिल्हा बैठकीला हे तिन्ही कागद घेऊनच या. जमीन आपली आहे. तिचा पुरावाही आपल्याच घरात असला पाहिजे.