नाजूक अक्षरांचा जाच

लग्नपत्रिका ही वाचायची वस्तू आहे, असं माझं जुनं आणि आता हट्टाचं झालेलं मत आहे. पण हल्लीच्या पत्रिका बघून वाटतं, या वाचायच्या नसून नुसत्या ओवाळायच्या असाव्यात. सायीच्या रंगाच्या कागदावर केसाएवढ्या सोनेरी रेषा, रेषांना वेलांट्या, वेलांट्यांना शेपट्या, आणि त्या शेपटीत कुठंतरी अडकलेला मुहूर्त! एका पत्रिकेतला आकडा एक की नऊ, यावरून आमच्या घरात दोन पक्ष पडले. शेवटी वधूपित्यालाच फोन करावा लागला.

यात अक्षराचा दोष नाही हो! हे वळण मूळचं इंग्रजी राउंडहँडचं. टोकदार टाक दाबला की रेघ जाड, सैल सोडला की बारीक. अठराव्या शतकात इंग्रज व्यापाऱ्यांचे कारकून याच वळणात पत्रं आणि हिशेब लिहीत. चार्ल्स स्नेल या जुन्या अक्षरगुरूच्या वळणावरून मॅथ्यू कार्टर यांनी १९६५ च्या सुमारास ‘स्नेल राउंडहँड’ हा टाइप केला. शिशाच्या खिळ्यांना एकमेकांच्या खांद्यावर हात टाकणं जड जाई. फोटोच्या तंत्रानं जुळणी होऊ लागली आणि ते सोपं झालं. सांगायचं काय, तर या नाजूक बाईसाहेब मूळच्या पेढीवर नोकरी करणाऱ्या! आपली मोडी तरी काय, दफ्तरातच राबली.

छळ सुरू होतो तो पुढे. कुणी या टाइपात ‘देशपांडे’ हे आडनाव सगळ्या इंग्रजी कॅपिटल अक्षरांत छापतो. यातलं प्रत्येक कॅपिटल अक्षर पुढे लहान अक्षरांची वरात असेल या हिशेबानं नटलेलं असतं. इथं नऊच्या नऊ नवरदेव शेले उडवत एका रांगेत उभे! कुणी तीच नजाकत देवनागरीवर लादतो. आपल्या बोरूची जाडबारीक रेघ येते ती तिरप्या कापलेल्या टोकामुळे. तिथं टाकाची कंबर आणली की शिरोरेषा झिजते, अनुस्वार उडतो आणि ‘मंगल कार्यालया’चं ‘मगल कार्यालय’ होतं. त्यातून पत्रिका फोनवर आली, की उरल्यासुरल्या बारीक रेषाही गडप.

छापणारे म्हणतात, “साहेब, कार्डाला रिचनेस येतो!” येत असेल. पण पत्रिकेचा खरा वाचक म्हणजे गावाकडची आत्या. ती खिडकीपाशी जाऊन, हात लांब करून, एकेक अक्षर लावत वाचते. तिला पत्ता लागला नाही तर ती विचारत बसत नाही. आपल्याला मनापासून बोलावलेलंच नाही, असं समजून घरी बसते. आपली हौस भागते आणि एक म्हातारं माणूस मांडवाबाहेर राहतं.

तेव्हा वधूवरांची नावं खुशाल नाजूक छापा, चांगली मोठी छापा. वार, तारीख, मुहूर्त आणि पत्ता मात्र ठसठशीत, साध्या टाइपात हवा. उरलेली नजाकत ‘कृपया आहेर आणू नये’ या ओळीवर खर्च करावी. ती कुणाला वाचता आली नाही, तर तक्रार कोण करणार?