खताचं पोतं अन् डोंगराची माती

अमोनियम सल्फेटचं पोतं आपल्या ओळखीचं. म्यानमारच्या काचिन प्रांतात हेच खत पाण्यात कालवून डोंगरात सोडतात. पिकासाठी नव्हे, मातीतले दुर्मिळ मृदा धातू काढायला.

उष्ण, पावसाळी मुलखात ग्रॅनाइट कुजून चिकणमाती होते. खडकातले हे धातू सुटे होऊन मातीच्या कणांना चिकटतात, जसं पोटॅश चिकटतं तसंच. सिरियम तेवढा बहुतेक वरच्या थरातच अडकतो, बाकीचे खाली झिरपतात. अमोनिया आला की त्यांना ढकलून स्वतः जागा धरतो. अन् मिळतं किती? हजार किलो मातीत जेमतेम अर्धा ते दोन किलो!

चीनच्या जियांगशी प्रांतात १९६९ साली अशी माती प्रथम सापडली. पुढं तिथं डोंगर खचले, ओढ्यांत अमोनिया उतरला. निर्बंध आले तसा धंदा सरहद्द ओलांडून काचिनात गेला. विजेच्या मोटारींच्या चुंबकाला डिस्प्रोसियम लागतं हे खरं, पण त्याची किंमत पायथ्याच्या शेतकऱ्यानं का मोजावी?

ग्रॅनाइटी माती आपल्या पूर्व विदर्भातही आहे. म्हणून लगेच धातू निघेल असं नाही. तरी उद्या कुणी डोंगराला भोकं पाडायला आलंच, तर सरपंच-ग्रामसेवकांनी पायथ्याच्या विहिरींचं पाणी आधी तपासून दप्तरी नोंदवावं. नंतर तपासलं तर मूळचं किती अन् नवं किती, हे कुणालाच सांगता येत नाही.